सात नंबरचा कॅन

पासिर लुहुर, ३ जानेवारी २०१९

निनिंग,

पाकिटावर तुझं नाव घातलं आहे, जुहानाचं नाही. त्याला वाचून दाखवायचं की नाही, हे तू ठरव. फोन नंबर मिळाला होता, पण तू फोन ठेवून दिला असतास आणि मी पुन्हा लावला नसता. आपण दोघी बहिणी सारख्याच.

नंबर आणि पत्ता ओलेहमामाने दिला. पस्तीस वर्षं दुधाचा ट्रक चालवला, आता दात पडले तरी तोंड थांबत नाही. ईदला तो मुलाकडे समुद्रापलीकडे जांबीला आला होता, तेव्हा तुमच्या वसाहतीत डोकावला म्हणे. तुझ्या नवऱ्याच्या छातीचं त्यानेच सांगितलं. "बू, तो खोकायला लागला की रबराची झाडंसुद्धा चीक गाळायची थांबतात." मी त्याला दटावलं. आजारी माणसाची थट्टा करू नये. तो गेल्यावर मात्र मी बराच वेळ काही काम केलं नाही.

आता कामाचं. मार्चअखेर आपल्या गवळ्यांच्या दूध कंपनीला पन्नास वर्षं होतात. पुस्तक निघणार आहे. प्रयोगशाळेचं प्रकरण आणि पहिल्या एकवीस सभासदांची यादी, अशा दोन गोष्टी अध्यक्षांनी माझ्याकडे दिल्या. अध्यक्ष आता हाजी एंदांग आहेत. प्रयोगशाळेतून निवृत्त होऊन चौदा वर्षं झाली तरी मला बोलावतात, कारण जुन्या वह्या कुठल्या कपाटात आहेत हे मलाच ठाऊक. मजकूर २८ फेब्रुवारीला छापखान्यात जायचा आहे.

लिहायला बसलं की नको ते आठवतं. डच मालक गेला तेव्हा मागे राहिलेल्या नऊ गायी आणि त्याच्या गोठ्यातले सहा गवळी. खांद्यावर कावड घेऊन शहरापर्यंत दूध नेणारी माणसं, ज्यांच्या एका खांद्याला कायमची गाठ असायची. बाटल्या धुणाऱ्या बायका. सोड्याने आईच्या बोटांना पडलेल्या भेगा तुला आठवतात का? त्या हातांच्या कमाईवर मी बोगोरला शिकले आणि तू घरी राहिलीस. पुस्तकात एवढंच लिहिलं आहे की बाटल्या धुण्याच्या विभागात चौदा स्त्रिया होत्या.

यादीचा प्रश्न असा. दूध केंद्रावरच्या जुन्या फळ्यावर सात नंबरवर अजून काळा रंग आहे. तो नंबर नंतर कुणी घेतला नाही. छापील यादीत सातची जागा कोरी सोडायची की नाव घालायचं, हे मी ठरवायचं आहे. मला जुहानाचं नाव घालायचं आहे. सत्त्याऐंशीच्या कोरड्या महिन्यांत त्याचं दूध तीन दिवस ओळीने डिग्रीत कमी भरलं आणि नियमाप्रमाणे नंबर गेला. आता मागे पाहता मोजणीत चूक झाली असण्याची शक्यता आहे. तेव्हा ती लक्षात आली नाही.

आणखी एक. नवीन प्रयोगशाळा बांधून झाली आहे आणि तिला माझं नाव देणार आहेत. दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी मीच सांगते.

हरकत असेल तर कळव.

इमास


पासिर लुहुर, २४ जानेवारी

निनिंग,

उत्तर मिळालं. एकच ओळ, आणि तीही त्याची: "चूक झाली असण्याची शक्यता म्हणजे काय? चूक कोणाची?" वर मायना नाही, खाली सही नाही. अक्षर तुझं. अजून तसंच उजवीकडे कलतं.

विचारलं आहे तर सांगते. दूध काढल्या काढल्या लॅक्टोमीटर सोडला तर डिग्री कमी लागते. दुधात हवा असते, स्निग्धांश अजून पातळ असतो. तेच दूध दोन-तीन तास ठेवलं की एखाद्या डिग्रीने चढतं. पाण्याचा संबंध नाही.

सत्त्याऐंशीपर्यंत दूध कारखान्यात मोजलं जायचं, नऊच्या सुमाराला. पण कुणीतरी पाणी घालायचं आणि ट्रकभर दूध परत यायचं, तेव्हा मी नियम केला: प्रत्येक कॅन केंद्रावरच मोजायचा, सगळ्यांसमोर. सत्तावीसच्या खाली गेला तर तिथेच गटारात ओतायचा. तीन दिवस ओळीने ओतला तर नंबर रद्द. नियम चांगला होता. आजही म्हणते.

वरच्या वाड्यांतली माणसं दीड-दोन तास उतरून यायची. जुहानाचा गोठा केंद्रापासून तीस पावलांवर. असणारच, केंद्राची जागा त्यानेच दिली होती. आणि जागा देणाऱ्याचा कॅन पहिला, हा आपल्याकडचा रिवाज. तो धार काढायचा, उचलायचा आणि येऊन उभा राहायचा. कॅनला हात लावला तर ऊब लागावी इतकं ताजं दूध, आणि मी त्यात लॅक्टोमीटर सोडायची. त्या महिन्यांत चारा म्हणजे केळीचे खुंट आणि वाळका पेंढा, सगळ्यांचंच दूध काठावर. बाकीचे काठाच्या वर राहिले, तो खाली गेला. ज्या मानाने आम्ही त्याला पुढे उभं करत होतो, त्यानेच तो बुडाला.

हे माझ्या कॉलेजच्या पुस्तकात होतं. शेवटच्या वर्षी परीक्षेलाही आलं होतं. केंद्रावर आठवलं नाही.

म्हणजे चूक माझी. हे मी अध्यक्षांना सांगितलं आणि पुस्तकात तसं लिहिते असं म्हटलं. ते खुर्चीतून उठून दार लावून आले.

"नाव घाला, बू. आनंदाने घाला. कारण कशाला?"

"कारणाशिवाय नाव घातलं तर लोक म्हणतील, बहिणीचा नवरा म्हणून घातलं."

"म्हणू देत. आज चार हजार सभासद आहेत. तेव्हा चुकलात, मग आज कशावरून बरोबर मोजता, असं उद्या प्रत्येकजण विचारेल. ज्याचं कधी दूध ओतलं तो प्रत्येक माणूस माझ्या दारात येईल."

"त्यातल्या बहुतेकांनी पाणीच घातलं होतं."

"ते त्यांना सांगायला तुम्ही असाल का? आणि पाटी रंगवून झालीय तुमची. सोनेरी अक्षरं. बघून तरी या."

मी जाऊन पाहिली. अक्षरं चांगली आली आहेत.

निनिंग, नाव छापलं तर पुरे नाही का? यादीत सातव्या जागी जुहाना, जागा देणारे, एवढंच. विचार करून कळव.

इमास


पासिर लुहुर, ९ फेब्रुवारी

निनिंग,

चार पानं. बत्तीस वर्षांनी तू मला चार पानं लिहिलीस. दोनदा वाचली.

जांबीच्या वसाहतीत आपल्याकडची अकरा कुटुंबं होती आणि तुम्ही पोचायच्या आधी तुमची गोष्ट पोचली होती, हे मला माहीत नव्हतं. मुलांना शाळेत "पाणीवाल्याची पोरं" म्हणायचे, हेही नाही. त्याने पुन्हा गाय पाळली नाही हे ऐकून होते. शेजाऱ्याची गाय अडली की त्याला बोलावतात, तो जातो, वासरू मोकळं करतो, हात धुतो आणि दिलेला दुधाचा पेला न घेता घरी येतो, हे तू लिहिलंस तेव्हा कळलं. "तू विचारतेस, पुरे का. तूच सांग, तेह," असं तू लिहिलं आहेस. मला ताई म्हणणारा तेह हा शब्द चार पानांत त्या एकाच ठिकाणी आहे.

आणि शेवटी त्याचा प्रश्न. "तिसऱ्या दिवशी ओतण्याआधी तेहने एक बाटली भरून पिशवीत घातली. मी पाहिलं. त्या बाटलीचं काय झालं?" इतक्या वर्षांत त्याने हे तुलाही कधी बोलून दाखवलं नव्हतं, असं तू म्हणतेस.

बाटली मी नऊ वाजता प्रयोगशाळेत मोजली. सव्वासत्तावीस.

मागच्या पत्रात लिहिलं की केंद्रावर आठवलं नाही. पहिल्या दोन दिवसांपुरतं ते खरं आहे. तिसऱ्या दिवशी रांगेत तो हळूच म्हणाला, "तेह, थोडं थांबून मोजतेस का? निवल्यावर?" त्याला पुस्तक ठाऊक नव्हतं, गायी ठाऊक होत्या. त्याने निवल्यावर म्हटलं आणि मला ते पान आठवलं. कुठल्या बाजूला आकृती होती तेसुद्धा. म्हणून तर बाटली भरली. आणि तरी मी मोठ्याने म्हणाले, "मोजलंय. ओता."

चाळीस माणसं बघत होती. आदल्याच आठवड्यात दोघांचं ओतलं होतं, त्यातला एक हात जोडून उभा राहिला होता, त्याच्यासाठी थांबले नव्हते. मेहुण्यासाठी थांबले असते तर नियम त्या सकाळीच मेला असता, असं मी स्वतःला सांगितलं. शिवाय प्रयोगशाळेवर बाई नेमली म्हणून हसणारे होतेच. हे सगळं खरं आहे, पण नऊ वाजता तिथे कुणीही बघत नव्हतं. मी एकटी होते आणि लॅक्टोमीटर सव्वासत्तावीसवर स्थिर होता. खाली केंद्रावर यायला ट्रकने वीस मिनिटं. मी आले नाही. आकडा वहीत लिहिला आणि पुढे नाव लिहिलं नाही. दुपारी फळ्यावर काळा रंग लावला गेला.

पंधरा दिवसांनी केंद्रावरची मोजणी मी साडेसातवर नेली. कारण लिहिलं, "पहाटेच्या थंडीमुळे कामगारांची गैरसोय." म्हणजे पुढे कुणाच्या बाबतीत असं होऊ नये, याची काळजी मी घेतली. ज्याच्या बाबतीत झालं होतं, तो तेव्हा गायी विकत होता. तुम्ही सरकारी वसाहतीच्या यादीत नाव दिलंत तेव्हा मला थांबवता आलं असतं. जाण्याच्या दिवशी मी कामावर होते.

आईने शेवटच्या आजारात विचारलं होतं, "दूध खरंच पातळ होतं का गं?" मी हो म्हणाले.

ती वही कपाटात आहे. वाचून दाखव त्याला. सगळं.

इमास


पासिर लुहुर, २६ फेब्रुवारी

निनिंग,

तुझं उत्तर आलं नाही. वाट पाहिली नाही, कारण छापखान्याची तारीख जवळ आली होती.

वही घेऊन अध्यक्षांकडे गेले. त्यांनी पान वाचलं, वही मिटली आणि म्हणाले, "हे तुम्ही मला दाखवलंच नाही असं समजू." मी म्हटलं, "ठीक आहे, मग दुसऱ्यांना दाखवते."

शनिवारी पहाटे केंद्रावर गेले. तुमच्या जागेत आता कार्ती राहते, विधवा आहे, चार गायी, हात चलाख. तिला म्हटलं, धार काढ आणि लगेच घेऊन ये. सगळे साडेसातच्या मोजणीसाठी जमू लागले होते. सहाच्या सुमाराला मी तिच्या कॅनमध्ये लॅक्टोमीटर सोडला आणि आकडा तिलाच वाचायला लावला. साडेसव्वीस.

"झालं कल्याण," मागून कुणीतरी म्हणालं. "बू, कार्तीचं ओतणार का?"

"नाही. बसा सगळे."

"पन्नास वर्षांत बूंनी पहिल्यांदा कुणाला बसायला सांगितलं," ओलेहमामा म्हणाला. "बसा रे, पुन्हा नाही मिळणार."

त्यातलंच दूध मी बाटलीत भरलं, खिडकीत ठेवलं आणि शेजारी माझं घड्याळ ठेवलं. माणसं बसली. बायकांनी उकडलेली रताळी काढली. एवढा वेळ का थांबवलं आहे म्हणून दोघे-तिघे कुरकुरले, पण उठलं कुणी नाही. सव्वाआठला कार्तीला म्हटलं, आता पुन्हा मोज. तिने डोळे बारीक करून पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"पावणेअठ्ठावीस."

"पाणी काढून घेतलंस वाटतं त्यातलं," एकजण म्हणाला आणि सगळे हसले.

हसणं थांबेपर्यंत मी थांबले. मग वही उघडली, तारीख वाचली, आकडा वाचला आणि हे दूध कोणाचं होतं ते सांगितलं. बाटलीचं सांगितलं. नऊ वाजताचं सांगितलं. रताळं खाणारे हात तसेच राहिले.

ओलेहमामा बोलला, आणि या वेळी थट्टा नव्हती. "त्या दिवशी ट्रक प्रयोगशाळेच्या दारातच उभा होता, बू. मी टायरवर पाणी मारत होतो. नुसतं हाक मारली असतीत तरी खाली आणलं असतं तुम्हाला."

"ठाऊक आहे."

"त्याचं दूध ओतलं तेव्हा आम्ही सगळे गटाराशी उभे होतो. मीपण."

कार्ती कॅनचं झाकण लावत होती. ती म्हणाली, "मी सून म्हणून आले तेव्हापासून मला चिडवतात, तुझी जागाच पाण्याची आहे म्हणून. चांगल्या माणसाची जागा होती तर." आणि कुणाकडे न बघता कॅन उचलून गेली.

तोवर कुणीतरी अध्यक्षांना कळवलं होतं. ते आले, गर्दी पाहिली, मला बाजूला घेतलं.

"आता तुमच्या नावाच्या पाटीचं मी काय करू, सांगा."

"उलटी करा. मागची बाजू कोरी आहे. तिच्यावर सात लिहा, जुहाना लिहा, आणि काळ्या रंगावर ठोका."

"आणि प्रयोगशाळेला नाव?"

"प्रयोगशाळा म्हणा. लोकांना कळेल."

ते गटाराकडे वळले. मग म्हणाले, "पुस्तकात मजकूर तुमच्या सहीने जाईल. कंपनीच्या नाही."

"तसाच हवा आहे."

पाटी काल ठोकली. जरा तिरकी बसली आहे, सरळ करून घेते. मजकूर उद्या छापखान्यात जाईल. या पत्रातला केंद्रावरचा भाग त्याला आधी वाचून दाखव. कार्ती काय म्हणाली ते विशेषतः.

इमास


पासिर लुहुर, १५ मार्च

निनिंग,

आपली पत्रं वाटेत एकमेकांना ओलांडून गेली.

गुरुवारी २१ फेब्रुवारीला जुहाना गेला. मी केंद्रावर खिडकीत बाटली ठेवली तो शनिवार. तेव्हा त्याला मातीआड होऊन एक दिवस झाला होता. पाटी आणि कार्तीचं बोलणं, यातलं काहीच त्याच्यापर्यंत पोचलं नाही. पोचलं ते फक्त नऊ तारखेचं पत्र. पहिल्या पत्रात शक्यता वगैरे लिहीत बसले नसते, तर सहा आठवडे हाती होते. हा हिशेब मी केला आहे, तुला करायला नको.

तू लिहिलंस ते मी इथे पुन्हा उतरते, कारण माझ्याकडे ते माझ्या अक्षरात असावं. "सोळा तारखेला दुपारी वाचून दाखवलं. आकडा तीनदा वाचायला लावला. मग म्हणाला, 'सव्वासत्तावीस बरोबर आहे. लास्मीला त्या महिन्यात ताप होता. नाहीतर अठ्ठावीस लागली असती.' मग पाणी मागितलं. तुझ्याबद्दल काही बोलला नाही. मी विचारलं नाही."

लास्मी मला आठवते. डाव्या कानाला पांढरा ठिपका होता. आईची लाडकी.

तू लिहितेस, येऊ नको. येणार नाही. माफी हा शब्द या सगळ्या पत्रांत मी लिहिलेला नाही, हे माझ्या ध्यानात आहे. त्याच्याकडे मागायची राहिली. तुझ्याकडे मागते. उत्तर पाठवायची गरज नाही.

तुझं पत्र वाचलं त्याच दिवशी छापखान्यात गेले. त्रेचाळिसावं पान अजून यंत्रावर चढलं नव्हतं. अध्यक्ष तिथेच होते.

"आता काय राहिलं, बू?"

"एक ओळ वाढवायची आहे. गायीला ताप होता."

"पन्नास वर्षांच्या पुस्तकात एका गायीचा ताप?"

"हो."

"कोणाला पडलीय त्याची?"

"सात नंबरला."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि खिशातलं पेन काढून दिलं.

पान सोबत जोडलं आहे. अक्षरं बारीक आहेत, चष्मा लावून वाच.

इमास

*

पृष्ठ ४३

क्रमांक ७. जुहाना, पासिर लुहुर. संकलन केंद्राची जागा यांनी दिली. अठरा वर्षं केंद्रावरचा पहिला कॅन यांचा असे. १९८७ साली यांचं दूध तीन दिवस नाकारून ओतण्यात आलं आणि क्रमांक रद्द करण्यात आला. दूध शुद्ध होतं. ते निवण्याआधी मोजलं गेलं. तिसऱ्या दिवशी नऊ वाजता पुन्हा मोजलं, तेव्हा सव्वासत्तावीस डिग्री भरली. हे मोजणारीला त्याच दिवशी कळलं होतं आणि तिने सांगितलं नाही. मोजणारी मी. इमास.

त्या महिन्यात गाय आजारी होती. एरवी तिची अठ्ठावीस लागत असे.